जिथून वर्दी येत नव्हती

निवृत्तीनंतर राहायचं कुठे, हा प्रश्न मोठ्या शहरात घरोघरी पडतो. कुणाला समोर बाग हवी असते, कुणाला दवाखाना, कुणाला लेकीचं घर जवळ हवं असतं. आमच्या वर्दीकाकांना यातलं काहीच नको होतं. त्यांना फक्त अशी जागा हवी होती, जिथे काही म्हणजे काही होणार नाही.

काकांची सारी नोकरी अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात गेली. शहरात कुठे आग लागली, भिंत पडली, कुणी लिफ्टमध्ये अडकलं, की फोन यायचा तो त्यांच्या टेबलावर. या फोनला तिथे वर्दी म्हणतात आणि त्यावरूनच काकांना हे नाव पडलं. "घाबरू नका. पत्ता सांगा. जवळची खूण सांगा." ही वाक्यं त्यांच्या जिभेवर इतकी बसली होती, की झोपेतही तोंडून निघायची. दुसऱ्यांना धीर देणारा हा माणूस स्वतः मात्र भीतीने पार पोखरून निघाला होता. बाजारपेठ म्हटली की त्यांना कापडाच्या दुकानांतून निघणारा धूर दिसायचा आणि नदीकाठ म्हटला की गाळात रुतलेली मोटार.

आणि सगळ्यांत जास्त वर्द्या कुठून यायच्या? ते स्वतः राहत होते त्याच गल्लीतून! म्हणून निवृत्त होताच त्यांनी जाहीर केलं, "हे घर विकायचं. शहराच्या पार टोकाला ते नवे मनोरे उभे राहिलेत ना, तिकडे जायचं. इतकी वर्षं नोकरी केली, त्या भागातून एकही वर्दी आली नाही!"

काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. आधी महिनाभर तिकडे भाड्याने राहू, मग विका."

घराला गिऱ्हाईक तयारच होतं. महिना संपला की सह्या करायच्या ठरल्या. एकदा सह्या झाल्या, की परतीची वाट बंद होणार होती.

जाण्यामागे काकांचं आणखी एक कारण होतं. शेजारच्या बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आणि तोंडाला कुलूप कसं लावतात ते ठाऊक नसलेल्या. कुठे चाललात, कधी येणार, आज खोकला कसला येतोय? गल्लीने त्यांचं नाव 'चौकशी खिडकी' ठेवलं होतं. काका त्यांना बघून जिन्यातच थबकत. काकूंचं मात्र त्यांच्याशी चांगलंच मेतकूट होतं.

नव्या घरी जाताच काकांनी दाराला आतून तीन कड्या बसवून घेतल्या. "मी बाहेर पडलो की तिन्ही लावायच्या. बाल्कनीचं दार बंद ठेवायचं. आणि आपला पत्ता कुणाला द्यायचा नाही. त्या चौकशी खिडकीला तर मुळीच नाही. तिला कळला म्हणजे गावभर झाला!"

"अहो, आपण राहायला आलोय की लपायला?" काकूंनी विचारलं.

मजल्यावर चार दारं होती आणि चारही बंद. जिना चकचकीत, आणि पावलाचा आवाज नाही. काकांना वाटलं, सुटलो एकदाचे! पण खरं सांगायचं तर या शांततेनेही त्यांना धडकी भरायची. लिफ्ट वाजली, की ते दाराच्या भोकाला डोळा लावून उभे राहायचे. भीती सामानाबरोबरच आली होती.

महिना सरत आला. एका दुपारी काका खालच्या दुकानात औषध आणायला गेले. काकूंना मधुमेह होता, त्यांच्याच गोळ्या संपत आल्या होत्या. रांगेत उभे असताना फोन वाजला. चौकशी खिडकी! काकांनी तो कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. "आल्या चौकशीला," ते पुटपुटले.

वर येऊन त्यांनी घंटी वाजवली. दार उघडलं नाही. पुन्हा वाजवली, मग दारावर थापा मारल्या, हाका मारल्या. आत काही हालचाल नाही. किल्ली फिरली, पण दार तसूभरही हललं नाही. तिन्ही कड्या आतून लागलेल्या होत्या. काकूंनी शब्द पाळला होता.

काकांनी शेजारचं दार ठोठावलं. दाराच्या भोकातला उजेड क्षणभर झाकला गेला. कुणीतरी आतून बघत होतं! "अहो, दार उघडा! माझी बायको आत आहे, ती बोलत नाही!" डोळा बाजूला झाला, दार मात्र उघडलं नाही. उरलेल्या दोन दारांना तर कुलुपंच होती.

तेवढ्यात पुन्हा फोन. या वेळी काकांनी तो उचलला.

"भावोजी, कुठे आहात तुम्ही?" चौकशीबाईंचा आवाज कापत होता. "वहिनी फोनवर माझ्याशी बोलता बोलता अडखळल्या, आणि धप्पकन आवाज झाला. साखर उतरली असणार. मी बंबाला फोन केला, पण ते पत्ता विचारतात. मला पत्ताच माहीत नाही हो!"

सबंध शहर मध्ये असताना एका बाईला कळलं होतं, आणि तिचे हात बांधून ठेवले होते ते काकांनी स्वतः!

त्यांनी आपल्याच जुन्या कक्षाचा नंबर फिरवला. पलीकडून एक तरुण मुलगी म्हणाली, "घाबरू नका. पत्ता सांगा. जवळची खूण सांगा."

खूण? महिनाभरात काकांनी एकही दुकान नीट बघितलं नव्हतं, एकाही माणसाशी ते दोन शब्द बोलले नव्हते. सगळे मनोरे एका साच्यातले, आणि भीतीने इमारतीचं नावही आठवेना. "टोकाचा... नाही, टोकाच्या अलीकडचा..." एवढंच ते बोलू शकले.

"काका, शांत व्हा. इमारतीचं नाव कुठे लिहिलंय का बघा," मुलगी म्हणाली.

लिफ्टमधल्या पाटीवर नाव होतं. ते त्यांनी रडत वाचून दाखवलं.

बंब येईपर्यंतचा वेळ काकांनी दाराला कान लावून काढला. "अगं, मी इथेच आहे. ऐकतेस ना?" ते सारखं म्हणत होते. आयुष्यभर फोनच्या पलीकडे ऐकलेली सगळी माणसं त्यांना त्या क्षणी आठवली.

जवान आले. गणवेश दिसल्यावर शेजारचं दार उघडलं. तिथल्या बाल्कनीतून दोघे जवान काकांच्या बाल्कनीत उतरले. बाल्कनीचं दार उघडंच होतं! कोंदट वाटतं म्हणून काकू नवऱ्याची ती एक आज्ञा रोज मोडत होत्या, आणि त्यामुळेच वाचल्या. "आणखी उशीर झाला असता, तर काही खरं नव्हतं," दवाखान्यात डॉक्टर म्हणाले.

काकांनी फोनवर पत्ता सांगितल्यावर संध्याकाळी चौकशीबाई धापा टाकत तिथे पोचल्या. काकांनी मान खाली घातली. "बाई, मी सुरक्षित जागा शोधत होतो. तिथून कधी वर्दीच येत नव्हती."

"वर्दी येत नव्हती, कारण द्यायला कुणी नव्हतं, भावोजी!" बाई उसळल्या. "आणि आपल्या गल्लीतून जास्त वर्द्या का यायच्या? कुणाकडे करपल्याचा वास आला, कुणाची खिडकी उघडली नाही, की कुणीतरी फोन करायचंच. त्यातले निम्मे तर मीच केलेत! संकट कुठेही येतं. ते आलं हे कुणाला कळेल, ते बघून घर निवडावं."

ज्या फोनांना काका आयुष्यभर भ्यायले, ते फोन म्हणजे माणसाने माणसासाठी मारलेली हाक होती! हे त्यांना इतकी वर्षं टेबलावर बसून कळलं नव्हतं.

त्यांनी घराची विक्री मोडली. सामान हलवायच्या दिवशी त्यांनी शेजारचं दार हलकेच वाजवलं आणि मुद्दाम आपलं नाव सांगितलं. दार बोटभर उघडलं. आत त्यांच्याहूनही म्हाताऱ्या आजी होत्या, एकट्या. "मी त्या दिवशी बघत होते हो," त्या रडू लागल्या. "पण भीती वाटली. मीसुद्धा इथे सुरक्षित म्हणूनच आले."

काकांना राग आला नाही. त्या भोकाच्या आत आपण असतो, तर आपणही उघडलं नसतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी आपला नंबर आजींना दिला. "रोज सकाळी एक फोन करायचा. नाही आला, तर मी करीन. पत्ता माझ्याकडे आहे."

जुन्या घरी येताच काकांनी दाराची जादा किल्ली चौकशीबाईंच्या हातात ठेवली. भीती पूर्ण गेली असं नाही. अजूनही मध्येच काही वाजलं की ते दचकतात. पण दचकल्यावर आता ते दार लावत नाहीत, उघडून बघतात.

वाचकहो, उतारवयासाठी घर बघायला जाल, तेव्हा भिंती, कुलुपं आणि पहारेकरी जरूर बघा. पण शेजारचं दार वाजवूनही बघा. आणि कुणी तुमचं दार वाजवलं, तर ते उघडा!

काकांचा फोन रोज सकाळी वाजतो. ज्या भागातून कधी वर्दी आली नव्हती, तिथूनच येतो. "आजी बोलतेय. मी बरी आहे. आज वरच्या मजल्यावरच्या बाई चहाला येणार आहेत."