पौषातली बॅग

सात महिन्यांच्या दुर्वीचं वजन सात किलो आणि तिच्या बॅगेचं सतरा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. दोन दिवस आणि एक रात्र खोपोलीकडच्या थीम पार्कला जायचं, तर मृणालीनं पलंगावर सगळा संसार मांडला होता: डायपर, वाइप्स, नाचणीसत्त्वाचा डबा, थर्मास, तीन स्वेटर, चार टोप्या, शिवाय तापाचं औषध, ज्याचा चमचा नेमका आत्ताच सापडत नव्हता. पार्कात एक खोट्या बर्फाचं घर होतं म्हणे. त्यासाठी तिनं मुद्दाम एक जाडजूड जॅकेट मागवलं होतं. ते चढवलं की दुर्वीचे दोन्ही हात बुजगावण्यासारखे आडवे राहायचे आणि पोरगी त्यातही खुशीत असायची.

लग्नाला तीन वर्षं झाली, पण बाळंतपणाला शहापूरला माहेरी गेली तेवढीच, एरवी मृणालीनं एक रात्रही या घराबाहेर काढली नव्हती. धनेशच्या टेम्पोंना सुट्टी नसते, म्हणून धनेशला नसते, म्हणून तिलाही नसते. आता कुठे दोन दिवस मिळाले होते. लेकीला कडेवर घ्यायचं आणि हसत उंबऱ्याबाहेर पडायचं, एवढंच तिला हवं होतं. या घरात नेमकं तेच कठीण होतं.

"थंडीच्या दिवसांत थंडी इकत घ्यायला चालल्यात," सासूबाई सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाल्या होत्या. "पौष हाय गो. पौषात लेकरू वेशीबाहेर न्हेऊ नये."

सासूबाईंचं नाव धोंडूबाई, आणि स्वभावानं त्या खरं तर कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त या एका गोष्टीत दगडासारख्या. कारण घरात सगळ्यांना माहीत होतं, पण बोलायचं कुणी नाही. धनेशच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता, दीपेश. सात महिन्यांचा असताना त्याला पौषात अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर नेलं, येताना वारा लागला, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. पुरुषांनी त्याला शेतात कुठेतरी पुरलं. बायकांनी तिथे जायचं नसतं आणि जागाही विचारायची नसते, असं तेव्हा मोठ्यांनी सांगितलं. धोंडूबाईंनी छत्तीस वर्षं विचारली नाही.

तेव्हापासून पौषातली एकही रात्र त्या घराबाहेर राहिल्या नव्हत्या. पोर एकटं कसं टाकायचं, असं त्यांचं म्हणणं. पौषभर रोज तिन्हीसांजेला परसाच्या भिंतीवर, शेताकडे तोंड करून, त्या एक पणती लावायच्या. कोणता कोपरा ते माहीत नाही, म्हणून सगळ्याच शेताला मिळून एक. आता तिथे शेत राहिलं नव्हतं. पूर्णा गावापासून सुरू झालेली गोडाऊनं वाढत वाढत त्यांच्या परसाला येऊन टेकली होती आणि पणतीसमोर निळ्या पत्र्याची तीन मजली भिंत उभी होती. तरी पणती चुकली नाही.

मृणाली मनातल्या मनात या सगळ्याला हसायची. शिकलेली मुलगी, हसणारच. पण आई झाल्यापासून हसू पूर्वीसारखं मोकळं येत नव्हतं. सासूबाईंची भीती आपल्या पोरीच्या अंगाला चिकटेल, हीच तिची भीती होती.

दुपारी दुर्वीला दूध पाजून ती थर्मास ठेवायला बॅगेपाशी आली. बॅगेच्या तळाशी काहीतरी हिरवं दिसलं. ओढून काढलं तर कुंची निघाली. डोकं आणि पाठ एकदम झाकणारी, हनुवटीखाली बंद बांधायची, जुन्या तऱ्हेची. हिरवं कापड, लाल काठ, आणि कपाळावर येते तिथे एक छोटी पांढरी कवडी शिवलेली. कापडाला जुन्या पेटीचा आणि त्याखाली कसलासा गोडूस वास होता. सासूबाईंनीच घुसडली असणार, दुसरं कोण? मृणालीनं ती कपाटात वरच्या फळीवर टाकली आणि दुर्वीला अंघोळीला नेलं.

पोरीला टॉवेलात गुंडाळून परत आली, तेव्हा दुर्वी दाराकडे बघून खुदकन हसली. ओळखीचं माणूस दिसल्यावर हसते तशी. दारात कुणीच नव्हतं. मृणालीनं पलंगाकडे पाहिलं. बॅग बंद होती. तिनं ती मघाशी उघडीच टाकली होती, चेन लावल्याचं तिला आठवत नव्हतं. तिनं चेन उघडली. सगळ्या स्वेटरांच्या वर, नीट घडी घालून, कवडी मधोमध येईल अशी, कुंची ठेवलेली होती.

आता मात्र तिचं डोकं सणकलं. एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात कुंची घेऊन ती तरातरा खाली स्वयंपाकघरात गेली. धोंडूबाई वाल सोलत बसल्या होत्या.

"आई, सरळ सांगा ना मला. असं चोरून बॅगेत कशाला घालता?"

धोंडूबाईंनी मान वर केली. कुंचीवर त्यांची नजर गेली आणि मांडीवरची ताटली घसरून वाल फरशीभर झाले. त्यांनी हात पुढे केला, पण कुंचीला लावला नाही.

"ही कुठं गावली तुला?"

"बॅगेत. दोनदा. तुम्हीच ठेवलीत ना?"

"मी?" त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मृणालीला वाकावं लागलं. "धामणकर नाक्याला माझा भाऊस लूमवर होता. त्यानं हा कापडाचा तुकडा आनलेला. मीच शिवली. कवडी पन मीच लावली. माझ्या दीपेशची हाय. तो गेला तवा त्याच्या संगती द्याला मीच काढून दिली. ही मातीत गेली, मृणाली. छत्तीस वर्सं झाली ही मातीत हाय."

स्वयंपाकघरात बारा वाजून गेलेल्या दुपारचं लख्ख ऊन होतं, रस्त्यावर कंटेनरचे हॉर्न चालू होते. तरी हातातलं कापड मृणालीला एकदम गार लागलं. ते टाकावं तर भीती वाटत होती आणि धरावं तर त्याहून जास्त. दुर्वीनं हात लांब करून कवडी धरली आणि तोंडात घालायला ओढली. मृणालीनं ती इतक्या जोरात हिसकली की पोरगी रडायला लागली.

धनेशला फोन लावला तर तो टेम्पो भरण्याच्या गडबडीत होता. "आई घाबरली की तू पण घाबरायचं ठरवलंयस का? कुठल्यातरी पेटीत राहिली असेल. बुकिंग झालंय, सकाळी साडेसातला निघायचं," असं म्हणून त्यानं ठेवून दिला. त्याला बोलायला काय जातं? बॅग त्यानं भरली नव्हती. कपाट मृणालीनं स्वतःच्या हातानं बंद केलं होतं, आणि तिच्या खोलीत सासूबाई सोडून कुणी पाऊल टाकत नव्हतं.

दुपारभर ती पोरीला मांडीवरून खाली ठेवेना. मन एकीकडे म्हणत होतं, वेडेपणा आहे. दुसरीकडे दर पाच मिनिटांनी ती दुर्वीच्या कपाळाला हात लावून पाहत होती. बॅग पलंगावर तशीच होती आणि तिच्याकडे पाठ करून बसायची मृणालीची हिंमत नव्हती.

तिन्हीसांज झाली. धोंडूबाई पणती घेऊन परसात गेल्या. मृणाली दुर्वीला घेऊन मागच्या दारात उभी राहिली. भिंतीवर पणती ठेवून त्यांनी शेजारी ती कुंची ठेवली आणि निळ्या पत्र्याकडे बघत बोलायला लागल्या. शेजारच्या पोराशी बोलावं इतक्या साध्या आवाजात.

"तुला पन जायाचंय काय रं बाला? थंडी वाजते काय तुला? मी हाय ना हितं. मी कुठंच जात न्हाय. पन पोरीच्या मागं नको लागू. तिला जाऊन सुखाची येऊ दे."

दुर्वीला न्यायचंच नाही, मृणालीनं ठरवलं. खड्ड्यात गेला तो पार्क, खड्ड्यात गेलं बुकिंग. बॅग रिकामी करायची, आज, आत्ता.

तेवढ्यात घराच्या बाजूच्या बोळातून सासरे आले. केसरीनाथ भोईर, गावाचे भाऊ. ग्रामपंचायतीत यांनी तोंड उघडलं की बाकीच्यांनी मिटायचं, असा माणूस. त्यांनी पणती पाहिली, पणतीला खेटून ठेवलेली कुंची पाहिली, आणि पासष्ट वर्षांचा तो जाडजूड गडी धावत सुटला.

"जळंल ना ती!"

त्यांनी कुंची झडप घालून उचलली. काठ झटकला. मग आधी उजवी बाजू आत, मग डावी, मग वरचं टोक खाली, कवडी बरोबर मधोमध. बघता बघता घडी झाली. हातांना रोजची सवय असावी तशी. अशीच घडी मृणालीनं दुपारी बॅगेत पाहिली होती. ती पाहतच राहिली. सासरा सुनेच्या खोलीत पाऊल टाकत नाही, म्हणून त्यांचं नाव तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"भाऊ," ती म्हणाली, "बॅगेत तुम्ही ठेवलीत?"

भाऊ कपडे धुवायच्या दगडावर बसले. धोंडूबाई हलल्या नाहीत.

"अकलोलीला जाताना हिनं ही पिशवीत घातलीती," ते शेवटी मृणालीला म्हणाले. बायकोकडे त्यांना बघवेना. "मी काढली. म्हटलं ओझं कशाला, तिकडं कुंडं हायत गरम पान्याची. येताना गाडी गावली न्हाय. उघड्या टेम्पोतून आलो."

"ते मना ठाव हाय," धोंडूबाई म्हणाल्या. "पिशवी मीच धरलीती. पन नंतर मी तुमच्या हातात दिली ना ही? म्हनले, आता तरी घाला त्याला."

"जित्याला घालू दिली न्हाय. मेल्यावर कुठल्या तोंडानं घालू?"

"मग पोर तसंच ठेवलं? उघडं?"

"माझा शर्ट काढला. त्यात गुंडाळला."

धोंडूबाईंनी डोळे मिटले. त्या दिवशी नवरा पौषातल्या गारठ्यात उघड्या अंगानं घरी आला होता. खाडीवर अंघोळ करून आला असेल, असं त्यांना वाटलं होतं. इतकी वर्षं तसंच वाटत होतं.

"जमिनीच्या कागदांच्या पेटीत ठेवलीती," भाऊ म्हणाले. "मृणाली बॅग भरताना दिसली. पोरगी पन तेवढीच, महिना पन तोच. सांगायला जमलं न्हाय. हिनं काढून कपाटात टाकली, तर परत ठेवली. म्हटलं, या खेपेला बॅगेत असू दे."

आणि भाऊ रडले. आवाज न करता, खांदे हलवत, दुर्वी त्यांच्याकडे टकामका बघत असताना. मृणालीच्या अंगातली भीती गेली, पण मोकळं वाटलं नाही. भूत असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. भुताला निदान उतारा असतो.

धोंडूबाईंनी पणतीची वात सारखी केली. छत्तीस वर्षं जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"कुठं हाय तो?"

भाऊंनी पत्र्याकडे बोट केलं. "मोठ्या गेटातून आत. तिसऱ्या शटरच्या समोर. तिथं आपला बांध होता."

"जमीन इकायची सही करताना ठाव होतं तुमाला?"

"व्हय."

धोंडूबाईंनी शिव्या घातल्या असत्या तर भाऊंना सोसलं असतं. पदर खोचून त्या मृणालीकडे वळल्या.

"सकाळी जाताना मना गेटावर न्या. आधी त्याच्याकडं. मग पोरीला घेऊन कुठं जायाचं तिकडं जावा."

सकाळी धुकं होतं. गाडीत पुढे धनेश आणि भाऊ, मागे सासू-सुना, मध्ये जॅकेटात झोपलेली दुर्वी. कुंची धोंडूबाईंच्या पदराखाली होती. रात्री आईनं धनेशला सगळं सांगितलं होतं आणि आज त्यानं एकही चेष्टा केली नव्हती. गाडी गोडाऊनच्या गेटाशी थांबली. आत कंटेनर मागे घेत होते, शिट्ट्या वाजत होत्या.

गार्ड नवीन होता, कानाला मफलर. "गाड़ी साइड में लो. किससे मिलना है?"

सगळं गाव ज्यांना ओळखतं ते भाऊ, स्वतःच्याच एकेकाळच्या शेताच्या तोंडाशी, गाडीत मान खाली घालून बसून राहिले. धोंडूबाई दार उघडून उतरल्या. झोपलेल्या पोरीला उचलून मृणालीही मागोमाग उतरली.

"दीपेश केसरीनाथ भोईर," धोंडूबाई म्हणाल्या.

"कौन सी शिफ्ट में है?"

गार्डनं एकदा त्या बाईकडे पाहिलं, एकदा बाळाकडे, आणि रजिस्टर पुढे सरकवलं. "ठीक है अम्मा, एंट्री करो."

धोंडूबाईंना लिहिता येत नव्हतं. मृणालीनं पेन घेतलं. कोणाला भेटायचं त्या रकान्यात तिनं ते नाव लिहिलं. ना दाखल्यावर, ना कुठल्या पाटीवर, ते नाव आजवर कधी कुणी लिहिलं नव्हतं. पुढचा रकाना कामाचा होता. तिथे तिचा हात अडला.

"आई, काम काय लिहू?"

धोंडूबाई आत बघत होत्या, तिसऱ्या शटरकडे.

"लिही," त्या म्हणाल्या, "आई आलीय."