घोगऱ्याला दिलेला पट्टा

आठवडाभर कारखान्यात बुटांना तळ चिकटवून धाकटीच्या बोटांची सालं निघाली होती, आणि रविवारी घरी पाहुणे. येऊ नका म्हटलं असतं तर दादाच्या मित्रांना वाईट वाटलं असतं. दादाला काय वाटलं असतं, हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं.

झटका आल्यापासून दादा खुर्चीत बसून असायचा. उजवी बाजू लुळी. भरवलं तर खायचा, वळवलं तर वळायचा. बोलणं गेलं ते गेलंच. त्याला काही समजतं का, हे डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. धाकटी हाका मारून मारून थकली होती. भिंतीशी बोलावं तसं ते चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला आता त्याचा राग यायला लागला होता.

घोगऱ्या आता मोठा रॉक गायक. त्याची तिकिटं निघतात न निघतात तोच संपतात. पण तो पहिल्यांदा लोकांसमोर उभा राहिला तो रंगाच्या दुकानामागच्या गोदामात, आणि ऐकायला मूठभर माणसं. त्यातले तिघं, दादा आणि त्याचे दोन मित्र, अजून दरवर्षी त्या तारखेच्या आसपास कुणा एकाकडे जमायचे आणि तीच आठवण पुन्हा उगाळायचे. ज्याचं घर, त्याने शेवटी सांगायचं, असा त्यांचा रिवाज.

भांडणही दरवर्षी एकाच गोष्टीवरून. गाणं ऐन रंगात असताना घोगऱ्याच्या गिटारचा पट्टा तुटला आणि समोरून कुणीतरी आपल्या कमरेचा काढून दिला. प्लंबर म्हणायचा, माझा. ड्रायव्हिंग शिकवणारा मास्तर म्हणायचा, माझा. दादा तर उठून, विजारीची कंबर डाव्या मुठीत गच्च धरून दाखवायचा: कार्यक्रम संपेपर्यंत असा उभा होतो, हात सोडला असता तर अब्रू गेली असती. तिघांचाही आपापल्या थापेवर आता पक्का विश्वास बसला होता.

तो पट्टा कुणाच्याच कमरेचा नव्हता, धाकटीच्या दप्तराचा होता; शाळा सुटल्यावर तीही दादाबरोबर तिथे गेली होती. दादा तेव्हा गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायला शिकत होता, खिशात पातं असायचंच. त्याने बहिणीला विचारलंसुद्धा नाही, कचकन कापला. ती दप्तर छातीशी धरून घरी आली आणि आईची बोलणीही तिनेच खाल्ली. तेव्हापासून या गोष्टीत तिला कुणी घेतलंच नाही.

आज प्लंबर आणि मास्तर नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात भांडले, मुद्दामच. मधूनमधून दादाकडे बघत होते. दादाचा चेहरा कोराच. शेवटी मास्तर थकून म्हणाला, "धाकटे, घर दादाचं. त्याच्या वाटचं तूच सांग."

तिच्या मनात आलं, आता तरी खरं सांगून टाकावं. अडवायला कोण आहे? इतक्या वर्षांत एकदा तरी आपलं कुणीतरी ऐकून घ्यावं, एवढंच तिला हवं होतं.

"तो पट्टा तुमच्यापैकी कुणाचाच नव्हता," ती म्हणाली. "माझ्या दप्तराचा..."

खुर्ची करकरली. दादाचा डावा हात मांडीवरून सरपटत वर गेला, पायजम्याच्या कमरेपाशी थांबला, आणि मूठ आवळली गेली. डोळे तिच्यावर रोखलेले. अगदी पूर्वीसारखे, रागावलेले.

मास्तरने हातातला कप खाली ठेवला. दादा आत होता. तिने मारलेल्या सगळ्या हाका तो ऐकत होता.

"दप्तराचा, असं मला वाटायचं," ती सावकाश म्हणाली. "लहान होते मी. पट्टा दादाचाच होता."

प्लंबरने या खेपेला वाद घातला नाही. ती खुर्चीपाशी खाली बसली आणि सालं निघालेली बोटं तिने त्या मुठीवर ठेवली.

"सोडू नकोस, दादा," ती म्हणाली. "कार्यक्रम अजून संपलेला नाही."