छबूच्या गोळ्या

कोकिळा सातव्या महिन्यात माहेरी, झरीला आली होती. मुंजाजी तिच्या आत्याचा, छबूचा नवरा. छबू बाळंतपणाच्या आधीच, पोटातल्या लेकरासकट गेली, त्याला वर्ष झालं होतं. कोकिळेची आई बायनाबाई हिनं त्याला मुद्दाम बोलावून घेतलं.

"दाजी, तुमीच समजावा हिला. गोळ्या खायलीय बीपीच्या."

"डॉक्टरीणबाईनं दिल्यात," कोकिळा म्हणाली. "पहिली गोळी लेकराला बाधते म्हणून ही बदलून दिली. एक दिस बी सोडू नगं म्हणल्या."

"तुझ्या आत्यानं कुठं सोडल्या व्हत्या? उसाच्या फडावर रोज घ्यायची. तरी झटके येऊन गेलीच की. गोळ्यांनीच नेलं तिला. इचार मामाला."

मुंजाजी खाली बघत राहिला. छबू रोज गोळ्या घ्यायची, हे त्यानंच सांगितलं होतं. आधी दवाखान्यात, मग मयतीला आलेल्या माणसांना, मग तेराव्याला.

त्या गोळीनं छबूला गुंगी यायची. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता. तो ऊस तोडायचा, ती मोळ्या बांधायची. तिचा हात मंदावला तसा मुकादम म्हणाला, "मुंजाजी, बायकोला अफू चारायलास काय रे?" सगळी टोळी हसली. त्याच दिवशी मुंजाजीनं गोळ्या ज्वारीच्या पोत्यात दडवल्या. "डोकं दुखायचं राह्यलं ना? मग कशाला?" म्हणाला. डॉक्टरला विचारून येऊ, असं ती दोनदा म्हणाली. दिवस मोडतो, म्हणून त्यानं टाळलं. मग तिचं तोंड सुजलं, डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. तरी ती मोळ्या बांधतच होती.

"बोला की, दाजी."

"तिनं न्हाई घेतल्या," मुंजाजी म्हणाला. "म्या बंद केल्या. लोकं हसले म्हणून."

बायनाबाईला आधी कळलंच नाही. "आन मग वरीसभर आमाला..."

"खोटं सांगितलं."

बायनाबाई उठली, तांब्या भरून कोकिळेपुढं ठेवला. कोकिळेनं गोळी घेतली.

"मामा, मला बी गुंगी येती जराशी."

"ते डॉक्टरीणबाईला सांग. गोळी सोडू नगं. उद्या मी येतो संगं, परभणीला."

"तुमी नका येऊ," बायनाबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली. "आमी मायलेकी जाऊ."

"बरं," मुंजाजी म्हणाला, आणि वहाणा हातातच घेऊन बाहेर पडला.