गळ्यातली पांढरी चिंधी

मित्रांनो, मी एक जुना बाटला आहे. तेलाचा नव्हे, प्राणवायूचा. श्रीवर्धनच्या खालच्या अंगाला, खाडीकाठी एक लहानसा दवाखाना आहे. त्याच्या मागच्या पडवीत मी उभा असतो. माझा रंग उडाला आहे, तळाला गंज धरला आहे. येता-जाता मुले मला खडे मारून आवाज कसा येतो ते ऐकतात. पोकळच येतो, दुसरा कसा येणार?

देशाला स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षे झाली होती, तेव्हा मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. जाड पोलादी अंग, पितळी तोंड आणि पोटात ठासून भरलेला प्राणवायू, अशा थाटात मी माझ्या जोडीदारासह आगबोटीने इकडे आलो. आगबोट दूर पाण्यात थांबे. तिथून आम्हाला होडीत उतरवून घेतले ते कोळीवाड्यातल्या कान्हाने. मला खांद्यावर घेऊन चिखलातून चालताना तो म्हणाला, "चल रं बाटल्या, लोकांना हवा पाजायची हाय तुला!" तेव्हापासून आमची ने-आण त्याच्याकडेच आली.

माझे पहिले कौतुक झाले ते बाळंतपणाला आलेल्या हुस्नबानूच्या बाळाच्या वेळी. बाळ निळे पडले होते, रडत नव्हते. नर्स कमळबाईंनी माझी चावी फिरवली, नळी त्याच्या नाकाशी धरली आणि थोड्या वेळाने त्याने असा टाहो फोडला की सगळा दवाखाना हसू लागला. बाळाची आजी शहरबानू माझ्या थंडगार अंगावरून हात फिरवत म्हणाली, "अल्ला तुझी उमर वाढवो, बेटा." आधीच हवेने भरलेला मी, त्यात कौतुकाची भर! चांगलाच फुशारलो.

मी रिकामा झालो की कमळबाई माझ्या गळ्यात पांढरी चिंधी बांधीत आणि मला दाराजवळ ठेवीत. भरलेला बाटला खाटेजवळ राही. आगबोटीच्या दिवशी कान्हा येई आणि दाराजवळचा बाटला भरून आणायला नेई. हवा किती आहे हे दाखवणारा काटा दवाखान्यात एकच होता. तो रोगी आला तरच जोडत. बाकी सगळा भरवसा त्या चिंधीवर. पण झाडलोट करणाऱ्या येसूबाईला चिंधीचा अर्थ कोणी सांगितलाच नव्हता. तिला कशाला सांगायचे, असे वाटले असेल.

खंडेनवमी आली तेव्हा मी रिकामा होतो. कमळबाई सणाला तळा गावी माहेरी गेल्या होत्या. कोळीवाड्यात होड्यांना हार चढले होते. मग आपल्या दवाखान्यातली हत्यारे बिनपूजेची कशी राहतील? येसूबाईने जमीन सारवायला आम्हा दोघांना हलवले, काथ्याने घासून लख्ख केले. माझ्या गळ्यातली मळकट चिंधी पाहून ती म्हणाली, "सनासुदीला गल्यान फडका? शोभतो का तुला?" तिने चिंधी सोडली, मला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिले. इतक्या मायेने मला कधीच कोणी सजवले नव्हते. सारवण सुकल्यावर तिने मला खाटेजवळ ठेवले आणि भरलेल्या जोडीदाराला दाराजवळ.

दसरा झाल्यावर आगबोट आली. कान्हाने सवयीने दाराजवळचा बाटला उचलला.

"येसूआय, आज ह्यो लय जड लागतोय गो!"

"दसऱ्याच्या पुऱ्या हायेत तुझ्या पोटान, म्हनून!"

दोघेही खळखळून हसले. भरलेला जोडीदार होडीत बसून निघून गेला. मी ओरडलो असतो, पण ओरडायलाही पोटात हवा लागते. कमळबाई परत आल्या, खाटेजवळ बिनचिंधीचा बाटला पाहून निर्धास्त झाल्या.

पुढची आगबोट यायच्या आत कान्हा आजारी पडला. अंगावर ताप काढत समुद्रात जात राहिला आणि छाती भरली. चौघांनी त्याला खाटेवर घालून आणले. ओठ काळेनिळे, धाप थांबत नव्हती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आणि म्हणाले, "औषध लागू पडेपर्यंत हवा द्या, निभावेल."

त्याची बायको केसर हात जोडून म्हणाली, "नर्सबाय, लावा ना त्यो बाटला. ह्यानंच आनलाय, खांद्यावरना."

कमळबाईंनी काटा जोडला, चावी फिरवली. काटा हललाच नाही. त्यांनी पुन्हा फिरवली, मग डॉक्टरांनी. कान्हा माझ्याकडे पाहत होता. त्याचा माझ्यावर विश्वास होता, मित्रांनो. दिवस मावळायच्या आत तो गेला.

केसरने कोणालाच बोल लावला नाही. ती फक्त येसूबाईला पुनःपुन्हा विचारत होती, "बाटला तर व्हता ना गो?" चिंधीचा अर्थ येसूबाईला त्या दिवशी कळला.

पुढे मी भरून आलो, पुष्कळ वर्षे राबलो. कमळबाई रोज सकाळी काटा जोडून पाहू लागल्या. येसूबाईलाही काटा वाचायला शिकवला. पुढल्या खंडेनवमीला मी रिकामा होतो. येसूबाईने कात्रीला, तराजूला, सगळ्यांना हार घातले. माझ्यासमोर आली, गळ्यातल्या चिंधीकडे पाहत उभी राहिली आणि हातातला हार तसाच घेऊन परत गेली. त्यानंतर तिने मला कधीच हार घातला नाही.

मित्रांनो, तुमच्या गावच्या दवाखान्यात माझी भावंडे असतील. त्यांच्या खुणांचा अर्थ डॉक्टरांपासून झाडणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना सांगा. आम्हाला पुसा, सजवा, हार घाला. पण त्याआधी एकदा चावी फिरवून पाहा. कान्हासाठी तेवढे कोणी केले नाही.