नळी कोणी धरायची

आमचे हे दातांचे डॉक्टर. दात साफ करताना उडणारे तुषार ओढून घेणारी नळी वर्षानुवर्षं मीच धरली. यांच्या हाताला अडचण नको म्हणून जरा लांबूनच धरायचे.

मग नवी मदतनीस आली. मला काकू म्हणायची आणि यांना सर! ती नळी दाताला खेटून धरायची, म्हणजे यांच्या बोटांनाही खेटून. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

हवेतले जंतू तपासायला यांनी आमच्या दोघींच्या पाळीत खुर्चीजवळ जंतू वाढवायचा थर घातलेल्या उघड्या बश्या ठेवल्या. दोन दिवसांनी माझ्या बशीत जंतूंचे ठिपकेच ठिपके उगवले. तिची जवळजवळ कोरी.

"काकू, नळी जवळ धरायची असते."

"अस्सं? आण इकडे."

दुसऱ्या दिवशी नळी घेऊन मी यांना अगदी चिकटून उभी राहिले.

"अगं, जरा सरक ना," हे कुरकुरले.

"जंतू उडतात," मी म्हणाले.