बोटांवरचं तेल

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या दाराआड जरा डोकावून बघा. ज्याच्या डोक्यावर लोक ओल्या छत्र्या ठेवतात, तो लोखंडी ठोकळा म्हणजे मी. मी एक जुना उष्णतामापक आहे. काखेत धरून ताप बघतात तो नव्हे हं! माझं काम त्याहून नाजूक होतं.

माझ्या पोटात नखाएवढ्या दोन वाट्या शेजारी शेजारी बसत. एकीत तपासायचा पदार्थ, दुसरी रिकामी. दोघींना मी सारखाच तापवत जायचो. पदार्थ वितळू लागला की त्याची वाटी जास्त ऊब मागायची आणि माझी लेखणी कागदावर सुळका काढायची. सुळका कुठे उभा राहिला, यावरून पदार्थ किती उष्णतेला वितळला ते कळे. एवढीच माझी विद्या. पण तिच्यात मी कधी लबाडी केली नाही.

मला चालवायची ती ताई. "उठा आजोबा, ऊन वर आलं," असं म्हणून ती माझं बटण दाबायची. वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी ती औषध शोधत होती. आपल्या फुफ्फुसांतल्या इवल्या फुग्यांना आतून एक फार पातळ थर असतो. तो बराचसा फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध पदार्थाचा बनतो. तो नसला की फुगे मिटतात आणि पुन्हा उघडता उघडत नाहीत. घाईने आलेल्या बाळांत हा थर पुरता तयार झालेला नसतो. म्हणून तो बाहेरून द्यायचा. पण शरीराच्या उबेत तो फार सैल पडला तर काय उपयोग?

त्यासाठी ताई त्यात मेदाम्लं मिसळून बघायची. थंडीत लोणी दगडासारखं होतं आणि गोडं तेल मात्र वाहतं, ते या मेदाम्लांमुळेच. काही मेदाम्लं सरळ असतात. ती फॉस्फोलिपिडच्या रांगेत शिरली की रांग घट्ट होते, मोडायला जास्त ऊब लागते, आणि माझा सुळका पुढे सरकतो. काही मात्र मधोमध वाकलेली. रांगेत कोपर काढून उभं राहणारं पोर असतं ना, तशी! ती शिरली की रांग ढिली पडते, लवकर वितळते, आणि सुळक्याची होते बसकी टेकडी.

ताईने सरळ मेदाम्लाचं एक मिश्रण केलं. पहिल्याच खेपेला सुळका असा आला, की तिने माझ्या झाकणावर थाप मारली. "आजोबा, जिंकलो!" आता तेच पुन्हा पुन्हा करून दाखवायचं, म्हणजे प्रयोगशाळेचे मोठे सर ते मान्य करणार होते.

तेवढ्यात ताईचं स्वतःचं बाळच वेळेआधी आलं.

रजा संपवून ती परतली तेव्हा तिचं अर्धं चित्त घरी असायचं. वाटी भरता भरता ती फोन लावायची. "आई, श्वास नीट चाललाय ना हो त्याचा?"

पलीकडून सासूबाईंचा आवाज मलाही ऐकू यायचा. "अगं, घोरतंय ते, बापावर गेलंय! तू तुझं काम कर."

ताई हसायची, पण डोळे पुसत.

आणि माझा सुळका येईना. त्याच मिश्रणाची बसकी टेकडी उमटू लागली, तीही पहिल्या जागेच्या अलीकडेच, कमी उष्णतेला.

मोठे सर कागद बघून म्हणाले, "आधी बरोबर येत होतं ना? मग बदललं काय? हे खोकं म्हातारं झालंय, दुसरं काय!"

मिस्त्री आला. त्याने मला न तापवताच माझ्या पोटात हात घातला. "साहेब, याचे दिवस भरलेत," म्हणाला, आणि माझी तापायची तबकडीच उपटून घेऊन गेला.

माझी परीक्षा घ्यायची एक सोपी रीत होती, मित्रांनो. ठरावीक उष्णतेला वितळणाऱ्या धातूचा कण वाटीत ठेवायचा. सुळका जागेवर आला, तर यंत्र ठीक. तो धातू समोरच्याच खणात होता. पण कोणालाच सवड झाली नाही.

नवं यंत्र आलं. त्यानेही तीच टेकडी काढली. तेव्हा सर म्हणाले, "म्हणजे मिश्रणच टाकाऊ. पहिला सुळका त्या खोक्याची चूक." बाटल्या ओतून दिल्या गेल्या. ते मिश्रण शुद्ध करायला ताईचा अख्खा हिवाळा गेला होता.

काही दिवसांनी ताई खिडकीपाशी चष्मा पुसत उभी होती. पुसला, की काच आणखीच तेलकट व्हायची. तिने बोटं नाकाशी नेली.

"अगं बाई गं... हे तर बाळाचं तेल!"

आमच्या वाट्या उचलायच्या चिमट्याचं टोक वाकलेलं होतं. त्याने वाटी चेपायची. म्हणून इथे सगळेच वाटीचं झाकण बोटाने बसवत. ताई रोज सकाळी बाळाला तेलाने चोळून धावतपळत कामावर यायची. साबणाने हात धुतले तरी नखांच्या कडेला तेल राहायचंच, आणि त्या तेलातली वाकडी मेदाम्लं वाटीत उतरायची. माझ्या पोटातला पदार्थ चिमूटभरही नसतो. त्याला एवढं पुष्कळ झालं. बदललं होतं ते एवढंच: ताई आई झाली होती. आणि ते मी प्रत्येक कागदावर काढून दाखवत होतो.

सर म्हणाले, "चिमटा नवा आणा, मिश्रण पुन्हा करा." एवढं तरी झालं. पण माझी तबकडी भंगारात गेली होती, ती कुठली परत यायला?

त्या संध्याकाळी ताई दाराआड आली. छत्र्या बाजूला करून तिने माझ्या झाकणावर हात ठेवला. "आजोबा, तुम्ही सांगत होतात हो," एवढंच म्हणाली, आणि घरी पळाली. बाळाची दुधाची वेळ झाली होती.

मित्रांनो, कुणी नको ते सांगितलं तर त्याला खोटं ठरवण्याआधी एकदा पारखून बघा. पारखायला धातूचा एक कण पुरतो. उपटलेलं मात्र परत बसत नाही.

माझ्या झाकणावर ताईच्या पाच बोटांचे तेलकट ठसे अजून आहेत. या हातांवर मी कसा रागावू? उद्या झाडलोट करणाऱ्या मावशी फडकं घेऊन येतील. तुम्ही इथे असलात, तर त्यांना म्हणा, मावशी, छत्र्या खुशाल ठेवा, पण तेवढं पुसू नका.