दोन बंदुका आणि हेस्टर आजीचा घास

अशी कल्पना करा, मुलांनो, की तुम्ही बारा वर्षांचे आहात, नाक गळतंय, आणि नव्वदीची एक म्हातारी अंथरुणातून तुम्हाला 'अहो' म्हणून हाक मारते आहे.

"अहो, ऐकलंत का? मांस कधी आणणार?"

"आणते की," नोरीन नाक पुसत म्हणाली.

"आणते काय? आणतो म्हणा. आणि जरा लवकर. तुमच्या बायकोला दात नाहीत, चघळायलाच आठवडा लागेल."

नोरीन जन्मली तेव्हा हेस्टर आजीचा नवरा पुतूक नुकताच वारला होता. नोरीनच्या जोडीला त्याचंही नाव या मुलीला दिलं. नाव आलं की माणूसही परत येतो, हे त्या गोठलेल्या समुद्राकाठच्या गावात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून हेस्टर तिला नवऱ्यासारखंच वागवी, रागे भरी, लाडही करी. आता म्हातारीनं अन्न सोडलं होतं. दुकानातलं सूप तोंडाला लावलं की ती मान फिरवी. "पुतूकच्या हातचं पहिलं मांस खाईन, मग बघू," एवढंच म्हणे. पहिली शिकार गावातल्या सर्वांत थोर माणसाला द्यायची, शिकाऱ्यानं तिचा तुकडाही चाखायचा नाही, ही तिथली रीतच होती. पण नोरीनची पहिली शिकार अजून व्हायची होती.

ओरविल, म्हणजे नोरीनच्या आईचे वडील, दाराशी उभे राहून हे ऐकत होते. नोरीन त्यांना ताता म्हणे. आई दूर खाणीवर कामाला असल्यानं पोर त्यांच्याकडेच वाढली होती. घरी येताना ते म्हणाले, "कॅरिबू हरणांचे कळप टेकड्यांपलीकडे उतरलेत. उद्या जाऊ."

घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर डेल्बर्टनं आपली नवी काळी बंदूक उघडून ठेवली होती. डेल्बर्ट ओरविलचा मुलगा, नोरीनचा मामा; शहरातून सुट्टीला आलेला. तेलकट काजळी टेबलावर, चिंध्यांवर, पावाच्या पिशवीवरही लागली होती.

"शी!" ओरविल म्हणाले. "इथं माणसं जेवतात."

"बाबा, बंदूक आहे, धूर तर होणारच."

"धूर सगळ्याच चुलींना होतो. कुणी धुराडं बांधतं, कुणी घरातच कोंडतं." त्यांनी नोरीनला जवळ बसवलं. "बघ पोरी. मामाची ही नवी आणि आपली जुनी, या दोन्ही बंदुका एका जातीच्या. चाप ओढला की एक गोळी सुटते, आणि तिच्याच धुराच्या जोरावर पुढची आपोआप भरली जाते. मामाची बंदूक तो धूर सरळ पोटात घेते, म्हणून सारखी पुसावी लागते, तान्ह्या पोरासारखी. आपल्या जुनीत तो धूर एका दांड्याला ढकलतो आणि बाहेरच जातो. शिवाय हिचे भाग सैल बसवलेत, ऐसपैस फरच्या कोटासारखे. आत केस गेले, बर्फ गेला, तरी चालते."

"आणि वजनाला सीलच्या पिल्लाएवढी," मामा म्हणाला. "नेमही तसाच. पूर्वेकडे धरा, पश्चिमेला लागेल."

"लागेल तर खरं. तुझी थंडीत अडून बसेल, लिहून ठेव."

"पैज?"

"तुझ्याशी पैज लावून तुझेच बूट घ्यायचे, आणि ते माझ्या पायात बसत नाहीत."

नोरीन खूप हसली. मग तिनं जुनी बंदूक नेहमीसारखी दोन दारांमधल्या थंड ओसरीत खिळ्याला टांगली आणि झोपायला गेली.

सकाळी बंदूक खिळ्यावर नव्हती. ती चुलीजवळ उभी होती, आरशासारखी चकचकीत.

"मी पुसली," मामा म्हणाला. तो खूश दिसत होता. "आतून बाहेरून तेल दिलंय. आमच्या नवरोबांची पहिली शिकार आहे म्हटलं, बंदूक तरी नटवू या."

ओरविल तेव्हा बाहेर बर्फगाडीमागे सामान ओढायची स्लेज बांधत होते. ते आत असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. नोरीनला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पण मामा इतक्या प्रेमानं बोलत होता की तिनं नुसती मान हलवली.

टेकडीमागे कळप दिसला. थंडी अशी की नाकातले केस टोचत होते. नोरीन बर्फावर पालथी पडली. एक तरणा नर आडवा उभा राहिला, अगदी जवळ. तिनं श्वास धरला, चाप ओढला.

टक्.

दट्ट्या हातानं मागे ओढून तिनं पुन्हा चाप ओढला. टक्. तेल गोठून मधासारखं घट्ट झालं होतं, आणि गोळीवर आपटणारी आतली खीळ त्यातून जोरानं पुढे येतच नव्हती. ओरविलनी हातमोजा काढला, बंदुकीवरून बोट फिरवलं आणि बोट हुंगलं.

"तेल? तेल कुणी दिलं?"

उत्तर यायच्या आत कळप उधळला. आणि डेल्बर्टची काळी बंदूक सुरू झाली. ती अडली नाही. एकदाही अडली नाही. गोळ्यांची अख्खी पेटी तिनं शिवणयंत्रासारखी रिकामी केली, पळत्या कळपात, जिकडे तोंड तिकडे.

मग शांत झालं. तीन जनावरं मागं राहिली होती. एकाची पुढची तंगडी लोंबत होती. एक बसून मान फिरवून स्वतःच्याच पोटाकडे बघत होतं. तिसरं पडल्या पडल्या चालण्यासारखे पाय हलवत होतं. ओरविलनी मुलाच्या हातून बंदूक हिसकावली, नवी पेटी चढवली आणि एकेकाजवळ जाऊन तिघांनाही वेदनेतून सोडवलं. काल त्यांनी त्या बंदुकीला नावं ठेवली होती. आज वाटलं, अडली असती तर बरं झालं असतं.

"बघा, चालली की नाही?" डेल्बर्ट म्हणाला, पण जनावरांकडे न बघता.

"चालली," ओरविल म्हणाले, आणि बर्फावर थुंकले.

दोन जनावरांची पोटं फुटली होती. आतला आंबलेला हिरवा चारा मांसभर पसरला होता आणि त्या थंडीतही वाफेबरोबर दर्प वर येत होता. डेल्बर्टनं गळपट्टा नाकावर ओढला.

"हे कोल्ह्यांना राहू दे. कळप फार लांब गेला नसेल. नोरीन, माझी घे. हिला तेलबिल बाधत नाही. एक स्वच्छ मार, आजीला दे, संपलं."

नोरीननं तातांकडे पाहिलं. ओरविलना हो म्हणायचं होतं. म्हातारीचे मिटलेले ओठ त्यांना डोळ्यांसमोर दिसत होते. एवढं नोरीनच्या हातचं मांस मिळालं तर ते उघडतील. शब्द अगदी दातांपर्यंत आला होता.

नोरीननं हातमोजे काढले. बाह्या वर सारल्या. सुरी काढून ती सर्वांत घाण जनावराजवळ गुडघ्यांवर बसली.

"अगं, वास बघ त्याचा!" मामा म्हणाला.

"आपणच केलाय वास," ती म्हणाली, आणि कापायला लागली.

बिघडलेलं बाजूला, चांगलं स्लेजवर. बोटं बधिर झाली की ती हात जनावराच्याच ऊबेत खुपसायची. तिला एकदा उलटी झाली. तिनं तोंड बर्फानं पुसलं. थोड्या वेळानं डेल्बर्टनं गळपट्टा खाली केला आणि समोर बसून पाय धरला. ओरविल दुसऱ्या जनावराकडे वळले.

गावात पोचल्यावर ती वाटीभर गरम रस्सा घेऊन हेस्टर आजीकडे गेली. अंगाला अजून तो दर्प होता. म्हातारीचं नाक हललं.

"आलात? आणलंत?"

"हे माझं नाही," नोरीन म्हणाली. "मामाचं आहे. वाईट मारलंय. माझं अजून राहिलंय."

दाराशी ओरविलनी डोळे मिटले. आजीनं मान तिच्याकडे वळवली.

"म्हणजे मला थांबायला लावणार तुम्ही."

"हो."

"जन्मभर हेच केलंत," हेस्टर म्हणाली. "द्या मग. नुसता रस्सा द्या. मांस तुमच्या हातचंच."

ती चार घोट प्यायली. नोरीननं तिची हनुवटी पुसली, वाटी धुऊन पालथी घातली आणि घरी आली. मग थंड ओसरीत पुठ्ठा अंथरून तिनं जुनी बंदूक भाग भाग करून उघडली, रॉकेलचा डबा ओढला, आणि एकेक भाग त्यात बुडवून मामानं दिलेलं तेल धुऊन काढायला बसली.